खापरपणजोबांचं गाव सापडेना

प्रश्न : ताई नमस्कार, मी मूळची साताऱ्याची, लग्न झाल्यापासून मेलबर्नला. नवरा इथलाच, ऑस्ट्रेलियन. लेकीला शाळेत फॅमिली ट्री करायचाय. माझ्या माहेरचं टेन्शन नाही, काकांनी त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वहीतून नावं उतरवून आणलीयेत. पण नवऱ्याचे खापरपणजोबा १८५४ च्या आसपास इंग्लंडहून आले एवढंच माहितीय, नाव जॉन आणि आडनाव इतकं कॉमन की सर्च केलं की शेकड्यांनी जॉन येतात. एका ऑनलाइन ट्रीमध्ये थेट सोळाव्या शतकापर्यंत सगळं तयार मिळालं, तेच उतरवू का? सासूबाई म्हणतात फार खोलात शिरू नको, एखादा कैदी निघायचा! (पूर्वी इंग्लंडचे कैदी इकडे पाठवायचे ना!)

उत्तर : अजिबात उतरवू नका. एकाने चूक केली की पन्नास जण तीच कॉपी करतात. मी एका मैत्रिणीसाठी असाच एक जॉन कॉर्नवॉलमध्ये शोधला, दोन महिने त्याचे आईबाप, आजोबा जमवत बसले आणि मग दफनाच्या नोंदीत दिसलं की तो बिचारा चार वर्षांचा असतानाच गेलेला!

तुम्ही इंग्लंडपासून सुरुवात केली तिथेच गाडी अडकली. उलटं या. जॉन वारले कुठे ते बघा. व्हिक्टोरियात (म्हणजे मेलबर्नच्याच राज्यात) वारले असतील तर तुमचं नशीब जोरावर, कारण तिथे जुलै १८५३ पासून सरकारी नोंदणी आहे आणि तिथला जुना मृत्यूचा दाखला म्हणजे अर्धी वंशावळच, आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, बापाचा धंदा, जन्म कुठला, इकडे येऊन किती वर्षं झाली, लग्न कुठे झालं, मुलं किती, सगळं. त्या काळच्या इंग्लंडच्या दाखल्यावर आईबापांची नावंसुद्धा नसतात. फक्त ही माहिती दिली कोणी ते वाचा. मुलाने दिली असेल तर त्याने इंग्लंडमधली आजी कधी पाहिलेलीच नसणार, तिचं आडनाव अंदाजाने ठोकलेलं असू शकतं.

मग जहाज. सरकारी मदतीने आलेल्यांच्या १८३९ ते १८७१ च्या याद्या व्हिक्टोरियाच्या सरकारी अभिलेखागारात आहेत, त्यात बऱ्याचदा काउंटी (म्हणजे तिकडचा जिल्हा), धर्म, लिहिता-वाचता येतं का हेही मिळतं. स्वतःच्या पैशाने आले असतील (१८५१ ला सोनं सापडल्यावर झुंबडच उडाली होती) तर मात्र नाव-वय एवढ्यावरच भागवायचं. लंडनला शोधत बसू नका, तिथल्या बाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या याद्या १८९० पासूनच्या आहेत.

गाव कळलं की मगच इंग्लंड. तिथली सरकारी जन्मनोंद जुलै १८३७ पासूनची, त्यामुळे तुमच्या जॉनसाठी बहुतेक चर्चचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर लागेल. १८१३ पासून त्यात बापाचा धंदा लिहिलेला असतो, तो मेलबर्नच्या दाखल्याशी जुळवा. १८४१ च्या जनगणनेत मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढलीयेत, तेवीसचा वीस, म्हणून वय जुळेना म्हणून माणूस सोडू नका. १८५१ च्या जनगणनेत जन्मगावही मिळतं. आणि हे विसरू नका, १८६१ च्या जनगणनेत तोच जॉन अजून त्याच गावात बायकोपोरांसह बसलेला दिसला तर तो तुमचा नाही, पुढचा धरा.

राहिल्या सासूबाई. १८५४ ला इंग्लंडहून थेट मेलबर्नला उतरलेला माणूस कैदी म्हणून आलेला नाही, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेच्या टास्मानिया बेटावरसुद्धा कैदी पाठवणं १८५३ ला बंद झालं. आता आधी टास्मानियात शिक्षा भोगून मग इकडे आले असतील तर गोष्ट वेगळी, पण मग तुमची चांदीच, कारण कैद्यांची उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचं गोंदण आणि बहुतेकदा जन्मगावसुद्धा सरकारने लिहून ठेवलंय.