कुंपणापाशी थांबणारे ढग

प्रश्न : मुरबाडजवळ आमचा दोन एकर माळ आहे. भाऊ म्हणतो, झाडं तोडून सगळी भातशेती करू. आई म्हणते, झाडं गेली की पाऊस जातो. खरं काय?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : दोन एकरांनी पाऊस हलत नाही, आपला मोसमी पाऊस अरबी समुद्रावरून येतो. पण आईंचं म्हणणं उडवून लावू नका.

पश्चिम ऑस्ट्रेलियात सशांना अडवण्यासाठी १९०१ ते १९०७ या काळात लांबच लांब कुंपण घातलं. त्याच्या एका बाजूला गव्हाची शेतं, दुसऱ्या बाजूला मूळची झुडपं. उपग्रहाच्या छायाचित्रांत उन्हाळी ढग झुडपांवर जमलेले दिसतात आणि कुंपणापाशी थांबतात! झुडपं गडद, म्हणून ऊन जास्त शोषतात; त्यांच्या उंचसखलपणामुळे वारा घुसळतो, तापलेली हवा वर चढते. कापणीनंतरचं फिकट रान ऊन परतवतं आणि हवेला ओलही देत नाही. तिथला हिवाळी पाऊस १९७०च्या दशकापासून घटला आहे. त्यात जागतिक तापमानवाढीचाही हात आहे, हे भावाला प्रामाणिकपणे सांगा.

मी ठाण्यात उपवन तलावाजवळ राहते. मे महिन्यात संध्याकाळी येऊरच्या जंगलाच्या फाटकातून आत शिरलं की अंगाची काहिली थांबते. सावली आणि पानांतून निघणारी वाफ, दोन्हींचा हा गुण. तो तुमच्या माळालाही आहे.

सपाट भागात भात लावा. बांधावरचे ऐनाचे वृक्ष आणि उतारावरची झाडं मात्र राखा. पहिल्या सरीत माती तीच धरतात.