जन्माचं सुतक?

प्रश्न असा आला आहे : तुकोबांच्या 'आपुले मरण पाहिले म्यां डोळां' या अभंगात 'फिटले सुतक जन्ममरणाचें' अशी ओळ येते. सुतक माणूस गेल्यावर येतं. मग जन्माचं सुतक कसं? यमकासाठी घातलेला शब्द आहे का?

यमकाचा इथे काही संबंध नाही. संस्कृत 'सूतक' हा शब्द 'सू' म्हणजे जन्म देणे या धातूवरून आला. प्रसूती, सूतिका, सुत हे त्याच कुळातले. म्हणजे सुतक मुळात जन्माचंच. हिंदी पट्ट्यात आजही पुष्कळ ठिकाणी बाळ जन्मल्यावर सूतक आणि माणूस गेल्यावर पातक म्हणतात. मराठीत मात्र सुतक मरणाकडे गेलं आणि जन्माच्या वाट्याला सोयर (कुठे सुवेर, कुठे वृद्धी) आलं.

आमच्या घरी चुलतभावाला मुलगी झाली तेव्हा मी सवयीने देवाला फूल वाहायला गेलो, तर आजी स्वयंपाकघरातूनच ओरडली, "अरे, सोयर आहे, देवाला शिवू नकोस!" आनंदाची बातमी आणि देव मात्र बंद, हे मला तेव्हा फार विचित्र वाटलं होतं. पुढे आजी गेली तेव्हाही देव तसेच बंद होते. सांजेचा दिवा लावायला शेजारच्या काकू यायच्या. माणूस घरात आला काय किंवा घरातून गेला काय, नियम तोच. 'त्याला कशाचं सोयरसुतक नाही' असं आपण म्हणतो, त्यातही हीच जोडी आहे. ज्याच्या घरातल्या जन्ममरणाचा विटाळ आपल्याला लागतो, तो आपला.

आता पुन्हा ओळीकडे या. सुतक मेलेल्याला नसतं, ते मागे राहिलेल्यांना असतं. पण इथे तुकोबा स्वतःचं मरण स्वतःच पाहताहेत. गेलेलाही तोच आणि मागे राहिलेलाही तोच! मग सुतक धरायचं कुणी? मला ही ओळ फार मोठी वाटते ती यासाठी. आणि क्रियापदही 'फिटले' आहे. सुतक फिटतं तसं ऋण फिटतं, डोळ्यांचं पारणं फिटतं. जे अंगावर होतं ते पुरतं उतरलं. घरचं सुतक दहा दिवसांनी फिटतं ते पुढचं कुणी जाईपर्यंत. इथे जन्मच उरला नाही, तर पुढचं मरण कुठून यायचं? अमरपण सांगायला तुकोबांना स्वर्गाचं वर्णन करावं लागलं नाही. पुढे येतो तो एवढाच : 'नारायणें दिला वसतीस ठाव.' राहायला जागा मिळाली.

याच्याजवळ भा. रा. तांब्यांची 'जन पळभर म्हणतील हाय हाय' ठेवून पाहा. तिथे मरणारा पलीकडे काय आहे ते सांगत नाही, अलीकडे काय होईल ते सांगतो. 'सगेसोयरे डोळे पुसतील', पुन्हा कामाला लागतील. दहा दिवसांचं सुतक एका पळावर आलं. (यातला 'सोयरा' म्हणजे नातलग. तो वेगळा शब्द, वरच्या 'सोयर'शी त्याची गल्लत करू नये.)

लिहिताना मराठीत 'सुतक', सु ऱ्हस्व. दीर्घ 'सू' संस्कृतात.