आधी माड बघा, मग पॅनेल

प्रश्न : आमचे घर डिचोलीजवळ, मंगलोरी कौलांचे. पुढच्या पडवीवर मात्र ३०० चौरस फुटांचा स्लॅब आहे. पश्चिमेला माड, मागे कुळागर, गोठ्यात दोन गायी. महिन्याला साधारण २२० युनिटे जळतात. पावसात वीज सारखी जाते, म्हणून घरात सोलर बसवायचे चालले आहे. भाचा म्हणतो, छोटी पवनचक्की लावा. जाऊबाई म्हणतात, गोबर गॅस करा. काय करावे?
— एक वाचिका

उत्तर : ताई, वीज जाते म्हणून सोलर बसवणार असाल तर पदरी निराशा येईल. माझ्या घरावर पॅनेले चढली त्याच जूनमध्ये सकाळी अकरा वाजता वीज गेली. पाऊस उघडलेला, ऊन लख्ख, आणि पंखा थांबला. बायको म्हणाली, "मग वर ही तावदाने कशाला मांडलीत?" मला कारण ठाऊक होते, घरात सांगायचे तेवढे राहिले होते.

बाहेरच्या तारेला जोडलेला सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलांची वीज घरात वापरण्याजोगी करणारी पेटी, पुरवठा गेला की स्वतःहून बंद पडतो. तो चालू राहिला तर छपरावरची वीज उलटी तारेत शिरेल, आणि लाईन बंद आहे या भरवशावर खांबावर चढलेला लाईनमन जिवाला मुकेल. तसल्या खांबांवर मी भर पावसात चढलो आहे, तेव्हा या नियमाविरुद्ध मी ब्र काढणार नाही. वीज गेल्यावरही दिवा हवा असेल तर बॅटरी असलेला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो आणि खर्च बराच वाढतो. घरात जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर असेल तर तोच सांभाळा. सोलर बिल कमी करण्यासाठी घ्या.

ते काम मात्र तो चोख करतो. १ किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटे मिळतात. म्हणजे २ किलोवॅटमध्ये तुमचे भागेल. सरासरी म्हटले ते जाणूनबुजून. माझ्या ३ किलोवॅटवर फेब्रुवारीत दिवसाला १४ युनिटे दिसतात, आषाढातल्या कोसळत्या दिवशी ४ मिळाली तरी पुष्कळ. उन्हाळ्यात खूप मिळेल असेही समजू नका. पॅनेलला ऊन हवे असते, ताप नको असतो. एप्रिलमध्ये काच ६० अंशांवर गेली की उत्पन्न दहा-बारा टक्क्यांनी उतरते. जास्तीची वीज नेट मीटरमधून बाहेर जाते आणि बिलात वळती होते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६०,००० रुपये अनुदान आहे.

आता माड. पॅनेले एकामागोमाग माळेसारखी जोडलेली असतात, एकावर सावली पडली की अख्ख्या माळेला फटका बसतो. शिवाय नारळ पडतात! माझे एक पॅनेल तसेच फुटले. माड माझाच, भांडायचे कोणाशी? डिसेंबरात एक दिवस नऊ, बारा आणि तीन वाजता स्लॅबवर सावलीच्या कडा खडूने आखा. मे महिन्यात पुन्हा आखा, कारण तेव्हा भर दुपारी सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेला गेलेला असतो. दोन्ही वेळा मोकळी राहिलेली जागा हीच तुमची खरी जागा. कौलांवर कोणी चढवू म्हणाला तर नको म्हणा. मोडके कौल बदलायला उद्या वर जाणार कसे?

भाच्याची पवनचक्की सोडून द्या. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की वीज आठव्या हिश्शावर येते, आणि झाडांच्या आडोशाला वारा निम्म्याहून कमी पोहोचतो.

जाऊबाईंचे मात्र ऐका. १ घनमीटरच्या गोबर गॅसला रोज २५ किलो शेण लागते. दोन गायींचे २० किलोच्या आसपास भरेल, तेही त्या गोठ्यात बांधलेल्या असतील तर. दिवसभर रानात चरल्या तर शेण वाटेवरच राहिले. २० किलोंत महिन्याला सिलिंडरच्या पाऊण हिश्शाइतका गॅस सुटतो, आणि उरलेला रबडा कुळागरातल्या पोफळींना घालता येतो. आपल्याकडे थंडी फारशी नाही, त्यामुळे टाकी वर्षभर चालते. पण शेण आणि पाणी रोज सकाळी समसमान कालवावे लागते. ते कोण करणार, हे खड्डा खणायच्या आधी ठरवा. टाकी विहिरीपासून लांब घ्या आणि तोंडावर पत्रा टाका, नाहीतर पावसाचे पाणी आत शिरेल.