वाचकांचे प्रश्न : बर्फ पडत असताना उतारावर जावे का?

प्रश्न : आम्ही खानापूर व बेळगावचे काही मित्र फेब्रुवारीत गुलमर्गला जाऊन, वाटाड्यासह, आखलेल्या मार्गांबाहेर स्की करणार आहोत. २०१६ साली सियाचीनमधील हिमस्खलनानंतर (उतारावरून बर्फाचा लोंढा सुटल्यानंतर) आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातील लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी बर्फाखाली जिवंत सापडले होते. मग गाडल्या गेलेल्यास काही मिनिटांतच काढावे लागते, असे का म्हणतात? आणि हिमवादळात धोका ओळखावा कसा? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : हणमंतप्पा तंबूसकट गाडले गेले होते आणि आत हवेची पोकळी राहिल्याने ते तगले, असे मानले जाते, तरीही पुढे दिल्लीच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. उघड्या उतारावरील माणसाला अशी पोकळी क्वचितच मिळते. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात, अर्ध्या तासानंतर मात्र वाचणारे फार थोडे. तेवढ्या वेळात बाहेरची मदत पोहोचत नाही, म्हणून प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लावणारे, अंगावर बांधायचे रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी) आणि फावडे हवे, आणि ते वापरण्याचा सरावही हवा.

धोक्याचे म्हणाल, तर जांबोटी-चोर्ला भागात राहणाऱ्यांना ठाऊकच आहे की दरड कोसळण्याच्या दृष्टीने महिनाभरात एकूण पाऊस किती झाला यापेक्षा तो एका रात्रीत किती कोसळला, याला अधिक महत्त्व असते. बर्फाचेही तसेच आहे. चोवीस तासांत ३० सेंटिमीटरच्या आसपास नवा बर्फ साचला, आणि त्यात वारा असला, तर जुन्या कमकुवत थराला तो भार सोसण्याइतका वेळ मिळत नाही. वारा एका बाजूचा बर्फ उचलून कड्याच्या आडोशाच्या बाजूला रचतो, त्यामुळे तिथला गुळगुळीत, मोहक दिसणारा उतारच बहुधा सर्वांत घातक असतो. पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज होऊन बर्फ किंचित खचला, किंवा स्कीच्या टोकापासून भेगा पळत गेल्या, तर तिथूनच मागे फिरावे. मोठी हिमस्खलने बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात आणि पुष्कळदा त्यात सापडलेल्यांच्याच वजनाने सुटतात. वादळात काही दिसत नसल्याने उताराचे अंश आदल्या रात्री नकाशावरच मोजून ठेवावेत, आणि ३० अंशांखालच्या उतारावर असतानाही माथ्यावर उभा कडा नाही ना, हे पाहावे. वरून सुटलेला बर्फ सपाटीपर्यंत येतो.

चंडीगढची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. ते रोज वाचावेत, पण इशारा प्रदेशाचा असतो, आपल्या समोरच्या उताराचा नव्हे. वादळ ओसरल्यावर लख्ख ऊन पडते तो पहिला दिवस मला सर्वांत फसवा वाटतो, कारण नवा बर्फ तेव्हा अजून बसलेला नसतो आणि मोह मात्र अनावर झालेला असतो. त्या दिवशी वाटाड्याने 'आज नको' म्हटले, तर त्याला जादा पैशांचे आमिष दाखवू नये.