जेंकिनचा लेख आधी वाच

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सेमिनारचा मसुदा काल रात्री वाचून काढला. मेहनत दिसते. पण तिसऱ्या पानावरचं एक वाक्य मी खोडलंय: ‘डार्विनला विरोध केला तो धर्मगुरूंनी, वैज्ञानिकांनी मात्र सिद्धांत लगेच स्वीकारला.’

तसं घडलं नाही गं. १८५९ साली डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हे पुस्तक आलं. सजीव बदलत आले, त्यांचे पूर्वज एक आहेत, हे पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ब्रिटनमधल्या बहुतेक जीवशास्त्रज्ञांना पटलं. हा बदल मुख्यतः नैसर्गिक निवडीने होतो, म्हणजे परिस्थितीला अनुकूल गुण असलेले जीव अधिक टिकतात आणि त्यांचे गुण पुढे जातात, हे पटायला मात्र १९३०चं दशक उजाडावं लागलं. तू हे दोन दावे एकाच गाठोड्यात बांधलेस. डार्विनसाठी हिरिरीने भांडणारा जीवशास्त्रज्ञ हक्स्लीसुद्धा निवडीबद्दल हातचं राखूनच बोलायचा. १८६४ मध्ये रॉयल सोसायटी या ब्रिटिश विज्ञानसंस्थेने डार्विनला आपलं मानाचं कोप्ली पदक दिलं, तेही या पुस्तकाचा विचार केलेला नाही असं सांगून!

आता फ्लीमिंग जेंकिन. पेशाने इंजिनिअर, समुद्राखालच्या तारांचं काम करणारा. १८६७ मध्ये डार्विनच्या पुस्तकाचं परीक्षण लिहिताना त्याने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. आईबापांचे गुण संततीत मिसळतात, असंच तेव्हा बहुतेक सगळे मानत. मग एखाद्याच प्राण्यात उपजलेला चांगला गुण टिकायचा कसा? घरी करून बघ: बादलीभर पांढऱ्या रंगात निळ्याचा एक थेंब टाक आणि ढवळ. तसाच तो गुण पुढच्या पिढीत निम्मा, मग पाव, मग दोन आणे, म्हणजे आठवा हिस्सा. डार्विनकडे याला धड उत्तर नव्हतं. आनुवंशिकतेवर प्रयोग करणाऱ्या मेंडेलचा निबंध १८६६ मध्येच छापून आला होता, पण १९००पर्यंत तो जवळपास पडूनच राहिला. गुणांचे घटक विरघळत नाहीत, अखंड पुढे जातात, हे त्यात होतं. तरी सुरुवातीच्या मेंडेलवाद्यांना ते डार्विनच्या विरोधातलंच वाटलं. दोघांचा मेळ घातला तो फिशर, हॉल्डेन आणि राइट या शास्त्रज्ञांच्या गणिताने.

१८६९ मध्ये डार्विनने आपला वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र हूकर याला कळवलं, की जेंकिनने फार त्रास दिला, पण इतर कुठल्याही परीक्षणापेक्षा त्याचाच उपयोग अधिक झाला. इथे मी दर वेळी थांबतो. इतकं मन मोठं हवं.

भौतिकशास्त्रज्ञ केल्विनबद्दल तू ‘चुकला’ एवढंच लिहिलंस. पृथ्वी थंड होत आली यावरून त्याने तिचं वय सुमारे दहा कोटी वर्षं काढलं. संथ निवडीला ते तोकडं पडत होतं. हक्स्ली म्हणाला, गणिताचं जातं उत्तम, पण घालाल त्याचंच पीठ पडणार. पृथ्वीच्या पोटात उष्णता कशी वाहते, किरणोत्सर्ग काय असतो, हे दाणे त्या जात्यात पडलेच नव्हते. चूक नेमकी कुठे, तेवढं लिही.

जेंकिनचा लेख लायब्ररीत मागवून ठेवलाय. तो पूर्ण वाच, मग तिसरं पान नव्याने लिहून पाठव.

तुझा,
सर