आईचा बोन स्कॅन दोनदा पुढे ढकलला, 'औषध आलं नाही' म्हणतात. ही टोलवाटोलवी आहे का?

तुम्ही विचारलंय की सोलापुरातलं सेंटर हे औषध आधीच मागवून का ठेवत नाही. मी इथेच न्यूक्लियर मेडिसिनमध्ये टेक्निशियन आहे. तारीख पुढे गेली की घरच्यांचा जीव कसा टांगणीला लागतो ते रोज बघतो. पण हे औषध साठवून ठेवता येत नाही, हे अगदी खरं आहे.

बोन स्कॅनला, म्हणजे हाडांच्या तपासणीला, टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सर्गी द्रव्य लागतं. दर ६ तासांनी ते आपोआप निम्मं होतं. सकाळी ९ ला भरलेला डोस दुपारी ३ ला अर्धा, रात्री ९ ला पाव. म्हणून टेक्नेशियम न पाठवता ज्याच्यापासून ते तयार होतं ते मॉलिब्डेनम-९९ पाठवतात. त्याला निम्मं व्हायला ६६ तास लागतात, म्हणजे प्रवास झेपतो. अणुभट्टीत युरेनियम फुटताना हे मॉलिब्डेनम तयार होतं. जगभरात ते पुरवणाऱ्या भट्ट्या मोजक्याच. २००९ मध्ये कॅनडातली एक भट्टी बंद पडली, ती वर्षभराहून जास्त बंदच होती आणि कितीतरी देशांत स्कॅन रखडले.

आमच्याकडे येतो तो जनरेटर. शिशाचं जाड कवच असलेला डबा, उचलताना कंबर सांभाळावी लागते. आत अॅल्युमिनाची लहानशी नळी असते, तिला मॉलिब्डेनम चिकटलेलं. एका सुईवर सलाइनची बाटली लावायची, दुसरीवर हवा काढलेली रिकामी बाटली. सलाइन नळीतून आपोआप ओढलं जातं, टेक्नेशियम त्यात उतरतं आणि मॉलिब्डेनम मागेच राहतं. याला आम्ही धार काढणंच म्हणतो. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नळी पुन्हा भरते, पण गाय आटत जाते. आठवड्याने जेमतेम सहावा हिस्सा उरतो. मग ते टेक्नेशियम एका फॉस्फेटसारख्या पावडरीत मिसळतो. हाड ज्या जागी जास्त झिजतंय किंवा नव्याने बनतंय, तिथे ते जाऊन बसतं.

एकदा जनरेटरची गाडी टेंभुर्णीजवळ अडकली आणि संध्याकाळी पोचली. सकाळपासून आठ पेशंट बसलेले. अक्कलकोटकडच्या एक आजी पहाटेच भाकरी बांधून निघाल्या होत्या. मी सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "उद्या तरी येईल का रे बाबा?" आदल्या रात्रीच आम्ही गाडीची चौकशी करून त्यांना फोन करायला हवा होता. तेव्हापासून मी तो न चुकता करतो.

म्हणून तुम्ही सेंटरला नेमकं विचारा: जनरेटर कोणत्या वारी येतो? त्याच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसाची तारीख घ्या आणि आदल्या संध्याकाळी फोन करून खात्री करा. दोनदा तारीख गेल्यावर कारण विचारणं हा तुमचा हक्क आहे, संकोच करू नका. तिसऱ्यांदाही तसंच झालं, तर आईच्या डॉक्टरांना लगेच कळवा. पुण्याला न्यायचं की दुसरी तपासणी करायची ते त्यांना ठरवू द्या, वाट बघत बसू नका.

त्या दिवशी मात्र दिलेल्या वेळेला पोचा. तुम्हाला उशीर झाला तरी डोस घटतच असतो. इंजेक्शननंतर साधारण तीन तास थांबावं लागतं. तेवढ्यात आईला भरपूर पाणी पाजा, स्कॅनआधी लघवीला जाऊन येऊ द्या, आणि त्या दिवशी नातवंडांना मांडीवर घेऊ देऊ नका. उपाशी आणायची गरज नाही.