वरून आलेला हुकूम

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फौजदारकीच्या यादीत तुझं नाव आलं, फार आनंद झाला. नाशिकच्या अकादमीत रुजू होण्याआधी मलेशियातला एक खटला नीट वाच.

२००६ च्या ऑक्टोबरमध्ये अल्तानतुया शारीबू या मंगोलियन तरुणीला क्वालालंपूरमधल्या एका घरासमोरून गाडीत बसवून नेलं. शाह आलमजवळच्या जंगलात तिला गोळ्या घातल्या आणि प्रेत स्फोटकांनी उडवलं. नेणारे होते अझिला हाद्री आणि सिरुल अझहर, बड्या लोकांच्या संरक्षणाला असणाऱ्या विशेष पथकातले पोलीस. तिचे दागिने सिरुलच्या जाकिटात सापडले. २००९ मध्ये दोघांना फाशी सुनावली, २०१३ मध्ये अपिलात ते सुटले आणि २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं फाशी पुन्हा कायम केली. सिरुल तोवर ऑस्ट्रेलियात पोचला होता.

आता मला अस्वस्थ करणारी गोष्ट. त्यांनी तिला का मारलं, हे खटल्यात उलगडलंच नाही. गुन्हा शाबीत व्हायला हेतू सापडावाच लागतो असं नाही. बड्यांना वाचवायला आपला बळी दिला जातोय, असं सिरुल कोर्टात म्हणाला. पुढे २०१९ मध्ये अझिलानं प्रतिज्ञापत्र केलं की हुकूम तेव्हाचे उपपंतप्रधान नजीब रझाक यांचा होता. नजीब यांनी ते साफ नाकारलं, आणि कोर्टानंही अझिलाचा फेरविचाराचा अर्ज फेटाळला. खरं काय, मी ठरवू शकत नाही. पण २०१५ मध्येच अझिलाला लटकवलं असतं, तर हे प्रतिज्ञापत्र कधी झालंच नसतं. म्हणून मी फाशीच्या विरुद्ध आहे. २०२४ मध्ये त्याची फाशी रद्द होऊन ४० वर्षांची कैद आणि फटके झाले.

आणि समज, हुकूम खरोखरच होता. तरी अझिला सुटला नसता, सुटायलाही नको होता. आपल्याकडेही तेच आहे. मुंबईत पोलिसांनी बनावट चकमकीत माणूस मारल्याच्या लखनभैया प्रकरणात २०११ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना बजावलं की वरिष्ठांचा किंवा पुढाऱ्यांचा आदेश ही सबब चालणार नाही. बनावट चकमकीला फाशीच योग्य, असंही म्हटलं. त्या दुसऱ्या वाक्याशी मी सहमत नाही, पहिल्याशी पूर्ण आहे.

ठाण्यात गेल्यावर असा हुकूम नेहमी तोंडीच येईल, बहुतेक रात्री, फोनवर. "साहेब, लेखी द्या," एवढंच म्हण, आणि स्टेशन डायरीत वेळेसकट नोंद कर. बदली होईल, साइड पोस्टिंग मिळेल, बॅचमेट हसतील. घरच्यांना हे आत्ताच सांगून ठेव, आईला विशेषतः, म्हणजे त्या दिवशी घरातून दबाव येणार नाही. कधीही अडलास तर फोन कर, वेळ बघू नकोस.

तुझा,
काका